बातमीतली जागा : जनसंपर्क व्यवसाय आणि वृत्तपत्रे

कंपनीचे नवे उत्पादन, रुग्णालयातली अवघड शस्त्रक्रिया, बँकेचे तिमाही निकाल, शिक्षणसंस्थेचा परदेशी करार अशा विषयांची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्यामागे बहुतेक वेळा दोन माणसांनी काम केलेले असते. एक बातमीदार आणि दुसरा तो विषय बातमीदारापर्यंत नेणारा जनसंपर्क सल्लागार. दुसऱ्याचे नाव कुठेही छापून येत नाही. त्याचे मानधन क्लायंट देतो, आणि त्या मानधनाच्या बदल्यात क्लायंटची अपेक्षा एकच असते : बातमी लागली पाहिजे.

जाहिरात देणारा जागा विकत घेतो. मजकूर त्याचा असतो आणि तो कोणत्या पानावर, किती आकारात जाईल हे दरपत्रकावर ठरते. बातमीचे तसे नाही. ती घ्यायची की नाही, कुठे लावायची, तिचा मथळा काय द्यायचा, तिच्यात विरोधी बाजू घ्यायची का, हे सगळे संपादकीय विभाग ठरवतो. एवढी अनिश्चितता असूनही क्लायंटला बातमीच हवी असते, कारण वाचक जाहिरातीपेक्षा बातमीवर अधिक भरवसा ठेवतो असे मानले जाते. हा भरवसा वृत्तपत्राने वर्षानुवर्षांच्या कामातून कमावलेला असतो आणि जनसंपर्क व्यवसाय त्याचा लाभ क्लायंटला मिळवून देतो. या विषयावरचे बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. बातम्यांत जनसंपर्काचा वाटा किती, त्याने बातमी बिघडते की तिला मदत होते, क्लायंटला होणारा लाभ खरेच मोजता येतो का, आणि प्रयत्नाने मिळवलेली प्रसिद्धी कुठे संपते व विकत घेतलेली कुठे सुरू होते, असे हे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आज बऱ्यापैकी हाती आहे. शेवटचा सर्वांत गुंतागुंतीचा आहे, आणि महाराष्ट्राचा अनुभव त्याच्याशीच थेट जोडलेला आहे.

उगम

आधुनिक जनसंपर्काची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत झाली. रेल्वे, कोळसा आणि तेल या क्षेत्रांतल्या बड्या कंपन्यांवर तिथली नियतकालिके तेव्हा तुटून पडत होती आणि कंपन्यांचे धोरण पत्रकारांना दाराबाहेर ठेवण्याचे होते. पूर्वी पत्रकार असलेल्या आयव्ही ली यांनी हे धोरण उलटे फिरवले. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांसाठी काम करताना त्यांनी वृत्तपत्रांना एक निवेदन पाठवले. आपले काम उघडपणे चालते, आपण देतो ती बातमी आहे, जाहिरात नव्हे, आणि कोणत्याही तपशिलाची खातरजमा करायला आपण संपादकांना मदत करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात कोसळून ५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पेनसिल्व्हेनिया रेल्वेसाठी काम करणाऱ्या ली यांनी माहिती दडवली नाही. उलट कंपनीचे निवेदन त्यांनी स्वतः वृत्तपत्रांना दिले. प्रेसनोटच्या इतिहासात हे उदाहरण नेहमी दिले जाते.

याच ली यांच्या कारकिर्दीत दुसरे टोकही दिसते. १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो इथे खाणकामगारांच्या वसाहतीवर हल्ला होऊन बायकामुलांसह अनेकजण मारले गेले. त्यानंतर रॉकफेलर कुटुंबासाठी ली यांनी जी माहितीपत्रके काढली, त्यांत कामगार संघटनेच्या नेत्यांच्या मानधनाचे चुकीचे आकडे होते. खातरजमेची हमी देणाऱ्या माणसाकडूनच खातरजमा न केलेला मजकूर बाहेर पडला. व्यवसायाने घालून घेतलेले नियम आणि क्लायंटच्या गरजा यांच्यातली ओढाताण इतकी जुनी आहे.

एडवर्ड बर्नेज यांनी वेगळा मार्ग घेतला. बातमी पाठवण्यापेक्षा बातमी होईल अशी घटनाच घडवून आणायची, ही त्यांची पद्धत. १९२९ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या ईस्टर संचलनात तरुणींना उघडपणे सिगारेट ओढायला लावले आणि त्याला स्त्रीस्वातंत्र्याचा रंग दिला. वृत्तपत्रांनी ती घटना स्वतंत्र सामाजिक घडामोड म्हणून छापली. त्यामागे सिगारेट कंपनीचा पैसा आहे हे वाचकाला कळले नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या बातमीत खोटे काही नव्हते, पण तिचा उगम झाकलेला होता. जनसंपर्काच्या नीतीची चर्चा पुढे याच मुद्द्याभोवती फिरत राहिली, आणि तसे होणे योग्यच होते.

भारतातील वाटचाल

भारतात संघटित प्रसिद्धीची सुरुवात सरकारने आणि रेल्वेने केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धप्रयत्नांच्या प्रसिद्धीसाठी मंडळ नेमण्यात आले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक स्टॅन्ली रीड यांनी त्यात पुढाकार घेतला. १९१९ मध्ये गृहखात्याच्या अखत्यारीत एक छोटा कक्ष उघडला गेला. आजचा पत्र सूचना कार्यालयाचा पसारा त्यातूनच वाढला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२० च्या दशकात प्रवासाच्या प्रसिद्धीसाठी जत्रांतून फिरते चित्रपट दाखवले. खासगी उद्योगांत टाटा समूहाने १९४० च्या दशकात मुंबईत स्वतंत्र जनसंपर्क विभाग सुरू केला. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. या संस्थेने २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या परिषदेत अथेन्स संहिता ही आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली. २१ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच.

महाराष्ट्रात राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, त्याचे 'लोकराज्य' हे मासिक आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली माहिती कार्यालये ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी यंत्रणा ठरली. जिल्हा माहिती अधिकाऱ्याकडून येणारी मंत्र्यांच्या दौऱ्याची किंवा योजनेची बातमी पिढ्यान्‌पिढ्या मराठी दैनिकांच्या जिल्हा पानांवर लागत आली आहे. जनसंपर्काविषयी बोलताना खासगी संस्थांचाच विचार होतो, पण सरकार हा या देशातला सर्वांत जुना आणि सर्वांत नियमित प्रसिद्धीदाता आहे.

खासगी एजन्सींचा खरा काळ १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर आला. परदेशी कंपन्या आल्या, भांडवली बाजारात नवे समभाग येऊ लागले, आणि गुंतवणूकदारांपर्यंत पोचण्यासाठी अर्थविषयक पानांत जागा मिळणे कंपन्यांना गरजेचे वाटू लागले. १९९२ मध्ये दिल्ली परिसरात जेनेसिस आणि परफेक्ट रिलेशन्स, तर १९९७ मध्ये मुंबईत अ‍ॅडफॅक्टर्स पीआर अशा संस्था उभ्या राहिल्या. पूर्वी जनसंपर्क अधिकारी हा कंपनीचाच नोकर असे. आता एकच एजन्सी पंधरावीस क्लायंटांसाठी त्याच पत्रकारांना फोन करू लागली.

काम कसे चालते

एजन्सीचे रोजचे काम बाहेरून वाटते तितके चमकदार नसते. क्लायंटशी करार बहुधा मासिक मानधनाचा असतो. प्रत्येक बातमीमागे पैसे घेण्याची पद्धत आहे, पण प्रतिष्ठित संस्था ती टाळतात, कारण बातमी लागण्याची हमी देणे म्हणजे आपल्या हातात नसलेली गोष्ट विकणे. सल्लागार आधी क्लायंटच्या कामातून बातमीचा विषय शोधतो. मग कोणता बातमीदार कोणते बीट पाहतो, कोणत्या पुरवणीला कोणता विषय चालतो, कोणत्या आवृत्तीची पाने किती वाजता सुटतात, याचा हिशेब करून मजकूर पाठवतो. प्रेसनोट, पत्रकार परिषद, निवडक पत्रकाराला एकट्याला दिलेली मुलाखत, ठरावीक तारखेआधी न छापण्याच्या अटीवर आगाऊ दिलेली माहिती आणि कारखाना किंवा प्रकल्प दाखवण्यासाठी नेलेला दौरा ही त्याची नेहमीची साधने. पुण्यातले पत्रकार भवन किंवा मुंबईत आझाद मैदानालगतचे पत्रकार संघाचे सभागृह यांत होणाऱ्या परिषदा याच चाकोरीतल्या.

यांपैकी कोणती बातमी लागते याचे ठोकताळे संशोधनातही सापडतात. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे यांनी १९६५ मध्ये बातमीमूल्यांची जी मांडणी केली, तिच्यात घटनेचा मोठेपणा, वाचकाशी जवळीक, अनपेक्षितपणा आणि नामवंत व्यक्तींचा सहभाग यांचा समावेश होता. चांगला सल्लागार हे नियम पुस्तकातून शिकलेला असो वा नसो, तो क्लायंटला हेच सांगतो : तुमच्या संस्थेचा पंचविसावा वर्धापनदिन ही तुमच्यासाठी बातमी आहे, वाचकासाठी नाही. क्लायंटच्या उत्साहाला वेसण घालून त्याच्याकडची खरी बातमी बाहेर काढणे हा या व्यवसायातला सर्वांत कौशल्याचा भाग आहे आणि त्याची नोंद फार कमी घेतली जाते.

मराठी वृत्तपत्रांच्या बाबतीत एक अडचण नेहमी येते. मूळ मजकूर इंग्रजीत तयार होतो आणि मराठी प्रेसनोट हे त्याचे घाईने केलेले भाषांतर असते. मुंबईतून सर्व आवृत्त्यांना एकच मजकूर जातो. नगर किंवा लातूरच्या वाचकाशी त्याचा काय संबंध, हे त्यात नसते. उपसंपादकाला तो नव्याने लिहावा लागतो आणि वेळ नसला तर तो तसाच छापला जातो किंवा बाजूला पडतो. स्थानिक तपशील आणि नीट मराठी एवढ्या दोन गोष्टींनी बातमी लागण्याची शक्यता किती वाढते हे जिल्हा आवृत्तीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते.

बातम्या किती प्रमाणात बाहेरून येतात

हा प्रश्न मोजणीचा आहे आणि मोजणी बरीच झाली आहे. अमेरिकी पत्रकार सायलस बेंट यांनी २९ डिसेंबर १९२६ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या २५५ बातम्या तपासल्या, तेव्हा किमान १४७ बातम्यांचे मूळ प्रसिद्धीप्रतिनिधींकडे जात होते. लिऑन सिगल यांनी १९७३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पहिल्या पानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास ६० टक्के बातम्या पत्रकार परिषदा, निवेदने, अधिकृत कार्यक्रम अशा ठरलेल्या मार्गांनी आल्या होत्या.

या सगळ्यांत सर्वाधिक चर्चा झाली ती ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासाची. जस्टिन लुइस, अँड्र्यू विल्यम्स, बॉब फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मधल्या दोन आठवड्यांतल्या दर्जेदार ब्रिटिश दैनिकांच्या २,२०७ देशांतर्गत बातम्या तपासल्या. ६० टक्के बातम्या पूर्णपणे किंवा मुख्यतः वृत्तसंस्थांच्या वा जनसंपर्काच्या तयार मजकुरावर उभ्या होत्या. असा कोणताही तयार मजकूर न वापरलेल्या बातम्या केवळ १२ टक्के निघाल्या. दैनिकातल्या बातम्या-लेखांच्या पानांची सरासरी १९८५ मधल्या १४.६ वरून २००६ मध्ये ४१ वर गेली होती, पण पत्रकारांची संख्या त्या मानाने वाढली नव्हती. पत्रकार निक डेव्हिस यांनी २००८ मध्ये आपल्या पुस्तकात याच आकडेवारीच्या आधारे ब्रिटिश पत्रकारितेवर कडक टीका केली.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधपणा हवा. बातमीचा उगम प्रेसनोटमध्ये असणे आणि बातमी म्हणजेच प्रेसनोट असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. धरण भरल्याची माहिती पाटबंधारे विभागाच्या पत्रकातूनच येणार, त्यात वावगे काही नाही. बेंट आणि सिगल यांनी उगम मोजला. कार्डिफच्या गटाने उगमाबरोबर मजकुराचे साम्यही तपासले, म्हणून त्यांचे निष्कर्ष अधिक वजनदार ठरतात. मराठी दैनिकांबाबत अशी सलग, मोठ्या प्रमाणावरची आणि दर काही वर्षांनी पुन्हा केली जाणारी मोजणी रुजलेली नाही. पत्रकारिता विभागांच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल असे हे काम आहे. त्याअभावी मराठीतली चर्चा अनुभवकथनाच्या पातळीवर राहते.

मुख्य भूमिका

अभ्यासकांत आणि व्यावसायिकांत ढोबळमानाने तीन भूमिका दिसतात. पहिली वर्चस्वाची. जर्मन अभ्यासक बार्बरा बेर्न्स यांनी १९८५ मधल्या अभ्यासात असे मांडले की बातम्यांचे विषय आणि त्यांची वेळ या दोन्हींवर जनसंपर्काचा निर्णायक ताबा असतो. अमेरिकेत ऑस्कर गँडी यांनी १९८२ मध्ये याची आर्थिक बाजू सांगितली. बातमी गोळा करायला खर्च येतो. जनसंपर्क विभाग तयार माहिती देऊन तो खर्च उचलतो, म्हणजे वृत्तपत्राला एक प्रकारचे अनुदान देतो. ज्याला असे अनुदान देणे परवडते त्याचा आवाज बातमीत वाढतो. कंपनीकडे एजन्सी असते, पण प्रकल्पग्रस्तांकडे नसते. या भूमिकेचा हा गाभा आहे आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

दुसरी भूमिका परस्परावलंबनाची. गुंटर बेंटेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असे मांडले की दोन्ही बाजू एकमेकींना घडवतात. पत्रकार जनसंपर्काच्या मजकुरातून निवड करतो, त्यात भर घालतो आणि त्याला प्रश्न विचारतो. जनसंपर्क अधिकाऱ्यालाही पत्रकारांच्या वेळा, मूल्ये आणि संशय यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. बेर्न्स यांनी शांत दिवसांची पत्रकारिता पाहिली, संकटाच्या किंवा संघर्षाच्या काळात बातमीदार तयार मजकुरापलीकडे जातात, असा आक्षेप जर्मनीतल्या नंतरच्या अभ्यासांतून आला. मराठी वाचकालाही हे ओळखीचे वाटेल. कंपनीच्या वार्षिक निकालाची बातमी पत्रकावरून लिहिली जाते. पण त्याच कंपनीच्या कारखान्यात वायुगळती झाली की बातमीदार रुग्णालयात, पोलीस ठाण्यात आणि कामगारवस्तीत जातो.

तिसरी भूमिका व्यवसायाची स्वतःची. जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी १९८४ मध्ये जनसंपर्काचे चार नमुने सांगितले : निव्वळ गाजावाजा, एकतर्फी माहिती, लोकांचे मत जाणून घेऊन त्यांना वळवणे, आणि दोन्ही बाजूंनी बदलायची तयारी असलेला संवाद. चौथा नमुना त्यांनी आदर्श मानला. या मांडणीनुसार प्रसिद्धी मिळवणे हा जनसंपर्काचा एक लहान भाग आहे आणि सल्लागाराने बाहेरची टीका क्लायंटच्या कानावर घालणेही तितकेच अपेक्षित आहे. टीकाकारांचे म्हणणे असे की ज्याचे मानधन एकाच बाजूकडून येते त्याच्याकडून समान संवादाची अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे.

इतिहासातली काही प्रकरणे पहिल्या भूमिकेला बळ देतात. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी हिल अँड नोल्टन या एजन्सीच्या सल्ल्याने जानेवारी १९५४ मध्ये शेकडो वृत्तपत्रांत जाहीर निवेदन दिले आणि धूम्रपान व कर्करोग यांच्या संबंधाबद्दल शंका जिवंत ठेवण्याची दीर्घ मोहीम सुरू केली. तिने पत्रकारांच्या 'दोन्ही बाजू द्या' या चांगल्या सवयीचाच वापर केला. याच एजन्सीने १९९० मध्ये कुवेतच्या बाजूने केलेल्या कामात एका मुलीची साक्ष अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर आणि तिथून जगभरच्या माध्यमांत पोचली. इराकी सैनिकांनी अर्भकांना काचपेट्यांतून काढून टाकल्याचे तिने सांगितले होते. ती कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची मुलगी असल्याचे जानेवारी १९९२ मध्ये उघड झाले, तोवर युद्ध होऊन गेले होते. उलट बाजूने, व्यवसाय स्वतःच्या सदस्यावर कारवाई करतो याचेही उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवल्याबद्दल बेल पॉटिंजर या लंडनच्या एजन्सीला सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या व्यावसायिक संघटनेने काढून टाकले आणि काही दिवसांतच ती बंद पडली.

लाभाची मोजणी

क्लायंटला दर महिन्याला कात्रणांची फाइल दाखवायची आणि छापून आलेला मजकूर किती कॉलम सेंटिमीटर भरला ते मोजायचे. तेवढ्या जागेची जाहिरात घेतली असती तर किती पैसे पडले असते हा आकडा लिहायचा. बातमी अधिक विश्वासार्ह म्हणून त्याला तीनने किंवा त्याहून मोठ्या संख्येने गुणायचे. ही पद्धत अनेक दशके चालली. जून २०१० मध्ये बार्सिलोना इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जाहीर केलेल्या तत्त्वांत ती स्पष्ट शब्दांत नाकारली गेली. जाहिरातीचा दर ही जागेची किंमत आहे, बातमीचे मोल नव्हे. टीकेची बातमीही तितकीच जागा घेते, आणि न आलेली वाईट बातमी या हिशेबात कुठेच बसत नाही.

गुणकाच्या मुळाशी असलेले गृहीतकही डळमळीत आहे. बातमी म्हणजे तटस्थ तिसऱ्याने दिलेली पावती, म्हणून ती जाहिरातीपेक्षा प्रभावी, हे व्यवसायातले जुने वचन. कर्क हॅलाहन यांनी १९९९ मध्ये प्रयोगांचे पुरावे तपासून ते इतक्या सरळ स्वरूपात टिकत नाही असे दाखवले. डेव्हिड मायकेलसन आणि डॉन स्टॅक्स यांच्या नंतरच्या प्रयोगांतही ठरावीक गुणकाला आधार मिळाला नाही. वाचकाची विषयाशी असलेली ओळख, मजकुराचा दर्जा आणि उत्पादनाचा प्रकार यांवर फरक पडतो. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९७२ मध्ये मांडलेले विषयसूचीचे तत्त्व अधिक भक्कम ठरले आहे. माध्यमे लोकांना काय वाटावे हे ठरवत नसली तरी कशाबद्दल वाटावे हे बऱ्याच अंशी ठरवतात. त्यामुळे प्रसिद्धीचा लाभ विक्रीच्या आकड्यापेक्षा ओळख आणि चर्चा यांत शोधणे अधिक सयुक्तिक आहे. तरीही छोट्या क्लायंटांच्या अहवालांतून जाहिरातमूल्याचा रकाना पूर्णपणे गेलेला नाही, कारण रुपयांतला आकडा संचालक मंडळाला लगेच समजतो.

पैसे आणि बातमी

वर सांगितलेले सगळे वाद बातमी विकत घेतलेली नाही या गृहीतावर चालतात. भारतात ते गृहीतच प्रश्नांकित झाले. बेनेट कोलमन समूहाने २००३ मध्ये मीडियानेट हा उपक्रम सुरू केला. त्यात पुरवण्यांतल्या मनोरंजन व जीवनशैलीच्या मजकुरासाठी उघडपणे शुल्क आकारले जाऊ लागले. काही पत्रकार एजन्सींकडून खासगीत लाभ घेतातच, त्यापेक्षा व्यवहार संस्थेच्या पातळीवर व उघड असलेला बरा, असे समर्थन झाले. वाचकाला त्याची कल्पना छापील पानावर पुरेशी मिळत नाही, हा आक्षेप होता. पुढे कंपन्यांकडून समभाग घेऊन बदल्यात जाहिरातीची जागा देण्याचे करार आले. अशा कंपनीची बातमी देताना माध्यमसंस्थेचा तिच्यातला हिस्सा जाहीर व्हावा, असा आग्रह भांडवली बाजार नियामक सेबीने २०१० मध्ये धरला.

निवडणुकांत हा प्रकार सर्वांत उग्र झाला. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कौतुकाचा जवळपास सारखा मजकूर परस्परांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापला गेला होता. वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवरचा चव्हाण यांनी दाखवलेला खर्च ५,३७९ रुपये होता. चव्हाण यांनी आरोप फेटाळले. प्रकरण निवडणूक आयोगाकडे आणि पुढे न्यायालयांत गेले. खर्चाच्या हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये मान्य केले. मात्र त्यानंतर आयोगाने चव्हाण यांना काढलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केली. त्याआधी २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना अशाच कारणावरून तीन वर्षांसाठी अपात्र ठरवण्यात आले होते.

या प्रकारांच्या चौकशीसाठी प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने २०१० मध्ये दिलेल्या तपशीलवार अहवालात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने आधी छोटा अहवालच प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर आला तो २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. रोख किंवा वस्तुरूपाने मोबदला घेऊन छापलेली कोणतीही बातमी वा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज, ही कौन्सिलची व्याख्या आज सर्वत्र वापरली जाते.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये नीरा राडिया यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती 'ओपन' आणि 'आउटलुक' यांनी प्रसिद्ध केल्या. त्यांनी वेगळाच प्रश्न पुढे आणला. इथे प्रश्न छापील जागेच्या विक्रीचा नव्हता. मोठ्या उद्योगसमूहांचे काम पाहणारी जनसंपर्क सल्लागार आणि नामवंत पत्रकार यांच्यातल्या जवळिकीचा तो प्रश्न होता. या संभाषणांतून गुन्हा दिसत नसल्याचे सीबीआयने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. गुन्हा नसला तरी स्रोताशी किती जवळीक ठेवावी हा नीतीचा प्रश्न संपादकीय खोल्यांत उरलाच.

जिल्हा पातळीवर तर सीमारेषा आणखी पुसट आहे. तालुक्याचा वार्ताहर अनेकदा पगारी नसतो. त्याचे उत्पन्न वर्धापनदिन, वाढदिवस आणि सण यांच्या पुरवण्यांसाठी आणलेल्या जाहिरातींच्या कमिशनवर अवलंबून असते. ज्या साखर कारखान्याची किंवा शिक्षणसंस्थेची जाहिरात त्याने आणायची, तिच्याच कारभाराची बातमीही त्यानेच द्यायची. इथे एजन्सीची गरजच उरत नाही. पेड न्यूजची चर्चा व्यक्तींच्या लोभाभोवती फिरते, पण हा प्रश्न मुळात वेतनरचनेचा आहे आणि तो सुटल्याशिवाय आचारसंहितेचे कलम त्या वार्ताहरापर्यंत पोचत नाही.

नियमन आणि नवे प्रश्न

प्रेस कौन्सिलच्या आचारसूत्रांनुसार जाहिरात बातमीपासून वेगळी ओळखू आली पाहिजे. पण १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला दिलेला अधिकार ताकीद देणे आणि नापसंती नोंदवणे एवढाच आहे. निवडणूक काळात जिल्हावार माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या संशयित पेड न्यूज तपासतात. त्यांचा धाक उमेदवाराच्या खर्चमर्यादेपुरता असतो, वृत्तपत्रापर्यंत पोचत नाही. पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवावा अशी शिफारस वारंवार झाली आहे. विरोधकांचा मुद्दा पुराव्याचा आहे. पैसे रोखीने दिले जातात, मजकुराचे साम्य एवढ्यानेच मोबदला सिद्ध होत नाही, आणि कडक कायदा सत्ताधाऱ्यांच्या हाती वृत्तपत्रांविरुद्धचे हत्यार ठरू शकतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

डिजिटल माध्यमांत नियम अधिक नेमके आले. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांना मोबदला घेतलेल्या मजकुरावर तसा ठळक उल्लेख करण्याचे बंधन घातले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तशा सूचना काढल्या. इन्स्टाग्रामवरच्या तरुणीने साबणाचे कौतुक करताना जो खुलासा करायचा, तो दैनिकाच्या पुरवणीतल्या तशाच मजकुरावर त्या ठळकपणे दिसत नाही. ही विसंगती कशी दूर करायची हे ठरलेले नाही. अनेक दैनिकांत बारीक अक्षरांत छापलेली 'प्रायोजित' किंवा 'माध्यम उपक्रम' अशी खूण वाचकाच्या लक्षात येते का, याचीही मराठी वाचकांत नीट तपासणी व्हायला हवी.

शोधयंत्रे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी उत्तरयंत्रे यांमुळे प्रसिद्धीचा हेतूही बदलतो आहे. बातमी वाचकाने वाचण्याइतकेच ती यंत्राने वाचणे क्लायंटला महत्त्वाचे वाटू लागले आहे, कारण उद्या कोणी प्रश्न विचारला तर उत्तर त्याच मजकुरातून तयार होईल. छापील पानावर खुलाशाची खूण असली तरी यंत्राने दिलेल्या सारांशात ती गळून पडू शकते. दुसऱ्या बाजूला प्रेसनोट लिहिणे इतके स्वस्त झाले आहे की उपसंपादकाच्या ईमेलमध्ये येणाऱ्या पत्रकांचा ओघ वाढतो आणि त्यांतले तपशील पडताळायला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहतो. पडताळणीचा हा खर्च वृत्तपत्राने सोसायचा, वाचकाने वर्गणीतून द्यायचा, की पत्रक पाठवणाऱ्याने मूळ कागदपत्रे आणि संपर्क आधीच जोडून कमी करायचा, यावर व्यवसायात आणि संपादकीय विभागांत मतभेद आहेत. ली यांच्या १९०६ च्या निवेदनात तिसऱ्या पर्यायाचे आश्वासन होते. एजन्सींच्या आजच्या करारांत ते बंधनकारक कलम म्हणून घालावे, असा एक प्रस्ताव मांडता येतो. त्याला क्लायंटांकडून होणारा विरोध मुख्यतः गोपनीयतेच्या कारणाने असेल, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांबाबत ते कारण काही अंशी खरेही आहे.